घोरणे : इलाज आवाजावर की श्वासावर?
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



गेल्या दोन अंकांतून आपण खोडवा राखणे व पाचट कुजविणे यांविषयी बोललो. या वेळचा विषय शेतीचा नाही, पण शेतकऱ्याच्या घरातलाच आहे. विषय आहे घोरण्याचा. हसू नका. ऊसनोंदीसाठी वस्त्यांवर फिरताना या एका गोष्टीच्या तक्रारी मला नेहमी ऐकायला मिळतात आणि त्या बहुतेक चहा घेऊन बाहेर येणाऱ्या घरच्या बायकांच्या असतात. "साहेब, कारखान्याचा हंगाम सरतो, आमच्या घरी मात्र बारमाही गळीत. रात्रभर बॉयलर पेटलेला," असे एका माउलीने सांगितले तेव्हा ओसरीवरचे सगळे हसले. मालकही हसले. ती मात्र हसली नाही. पहाटे साडेचारला उठून तिला सहा जनावरांचे शेणपाणी आणि धारा करायच्या असतात. तिच्या हिशेबाने रात्रीची सलग झोप तीन तास.

मी डॉक्टर नव्हे, शेतकी पदविका घेतलेला माणूस. पण या विषयावर जाणत्या डॉक्टरांशी बोललो, थोडे वाचले, आणि ध्यानात आले की घोरण्यावरचा उपाय निवडताना लोकांचे घोडे तिथेच अडते, जिथे उसात अडते.

उसाचा पाला पिवळा दिसला की पुष्कळ जण आधी युरियाचे पोते फोडतात. पण पिवळेपणा एक आणि कारणे दहा. कोवळी पाने पिवळी-पांढरी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर तो केवडा. त्याला हिराकस लागते. बेट धरून हलवले आणि ते अलगद हातात आले, तर खाली हुमणीने मुळ्या फस्त केलेल्या असतात. तिथे युरिया किती का टाकाना! पाणी साचले असेल तर चर काढणे हाच इलाज. घोरण्याचेही तसेच आहे. आवाज ऐकू येतो म्हणून आपण आवाजाच्या मागे लागतो. नाकाला चिमटा, बोटात अंगठी, जाहिरातीतले चूर्ण, नाकात तुपाचे थेंब. तुपाने नाकाचा कोरडेपणा कमी होईल, पण वाट घशात अडली असेल तर नाकात काहीही सोडून ती मोकळी व्हायची नाही.

आवाज येतो तो असा. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. पडजीभ, मऊ टाळू लोंबू लागतात, जिभेचे मूळ मागे सरकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेने हवा जोराने जाते आणि सैल भाग वाऱ्यावर ताडपत्री फडफडावी तसे फडफडतात. एवढेच असेल तर ते नुसते घोरणे. त्याचा त्रास शेजारी झोपणाऱ्याला.

पण काही जणांची वाट नुसती अरुंद होत नाही, पार मिटते. छाती-पोट हलत असते, श्वास मात्र आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो आणि मोठ्ठा घुरका देऊन श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक श्वास अडला की डॉक्टर तो एक थांबा मोजतात. श्वास अडणे किंवा फार मंदावणे तासाला ५ ते १५ वेळा असेल तर विकार सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एक. असे रात्रभर चालले तर रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, पक्षाघाताची भीती वाढते. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत झोपेत श्वास अडण्याचा हा विकार होता.

आता प्रश्न असा, की हे ओळखायचे कोणी? झोपलेल्याला कळत नाही. डॉक्टरांसमोर तो टक्क जागा बसलेला असतो. ओळखू शकते ते शेजारी जागे असलेले माणूस. म्हणून वहिनींनो, दोन-तीन रात्री जरा कान देऊन ऐका. घोरणे एका लयीत चालले आहे, की चढत चढत जाऊन एकदम थांबते? तो थांबा आला की "बरं झालं बाई, थांबलं एकदाचं" म्हणून तुम्ही कूस बदलता ना, तेवढ्यात मनात दहा आकडे मोजा. आकडे संपले तरी श्वास आला नाही आणि मग गुदमरल्यासारखा घुरका आला, तर दुखणे त्या शांततेत आहे, घोरण्यात नाही.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. आवाजाला कंटाळून पुष्कळ घरांत बायको पोरांजवळ किंवा माजघरात जाऊन झोपते. त्यात लाजण्यासारखे काही नाही, झोप तिलाही हवी. पण ती खोलीतून गेली की जी एकमेव साक्षीदार होती तीच गेली. मालक म्हणतात, "आता काही तक्रार नाही." तक्रार ऐकणारेच कोणी उरले नाही, हे त्यांच्या गावी नसते! तेव्हा वेगळे झोपायचे तर खुशाल झोपा, पण त्याआधी त्या दोन-तीन रात्रींचे काम उरका. हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. उशाशी ठेवून अर्ध्या तासाचा आवाज भरून घ्या, जमल्यास छाती दिसेल असे चित्रीकरण करा. डॉक्टरांपुढे "हा लई घोरतो" या तीन शब्दांपेक्षा ते फार उपयोगी पडते. आणि मालकांचेही "मी कुठं घोरतो?" हे पालुपद बंद होते.

दिवसाच्या खुणाही पाहाव्यात. आठ तास झोपूनही सकाळी अंग जड, डोके दुखणे, तोंड कोरडे, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणे, सभेत खुर्चीवर बसल्या बसल्या डुलकी. (आपल्या वार्षिक सभेत अहवाल वाचताना येणारी डुलकी यात धरू नये.) रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का? वय पन्नाशीपुढे आहे का? शिंप्याची टेप घेऊन गळ्याचा घेर मोजा. तो ४० सेंटिमीटरच्या पुढे असेल तर तीही एक खूण. अंगाने जाड माणसालाच हे होते असे नाही. खालचा जबडा मागे आणि मान आखूड असलेल्या सडपातळ माणसालाही होते.

या डुलकीचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. २६ फेब्रुवारी २००३ रोजी जपानात ओकायामा स्थानकाजवळ ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या बुलेट ट्रेनचा चालक आठ मिनिटे झोपी गेला होता. तपासणीत त्याला हाच विकार निघाला. गाडी आपोआप थांबविणारी यंत्रणा होती म्हणून कोणाला इजा झाली नाही. आपल्याकडे दोन ट्रॉल्या भरून रात्री दोन वाजता गाडीतळाकडे निघालेल्या ट्रॅक्टरला अशी यंत्रणा नाही. समोर सायकलवरून रात्रपाळीचा कामगार येत असतो. तेव्हा श्वास अडण्याचा संशय असलेल्या आणि दिवसा पेंगणाऱ्या सभासदाने, निदान तपासणी होऊन इलाज सुरू होईपर्यंत, ट्रॅक्टरचे चाक दुसऱ्याच्या हाती द्यावे. घरच्यांनी हे जरा निक्षूनच सांगावे.

असो. आता इलाजाकडे. नुसते घोरणे असेल, थांबे नसतील, दिवसा तरतरी असेल, तर घरचे उपाय आधी करून पाहावेत. पाठीवर उताणे झोपले की जीभ मागे पडते, म्हणून कुशीवर झोपण्याची सवय लावावी. बंडीला पाठीमागे खिसा शिवून त्यात रबरी चेंडू ठेवला की उताणे होताच टोचतो आणि माणूस आपोआप वळतो. उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून उंची द्यावी. उशांवर उशा रचल्या तर मान मोडते आणि वाट आणखी आवळते. बिडी-सिगारेट सोडावी. "दिवसभर राबलो, म्हणून थोडी" घेऊन झोपणाऱ्यांचे घोरणे हमखास वाढते, कारण दारूने घशाचे स्नायू अधिक सैल पडतात. झोपेच्या गोळ्यांनीही तेच होऊ शकते, त्या आपल्या मनाने घेऊ नयेत. नाक सर्दीने चोंदत असेल तर त्याचा इलाज करावा.

वजनाचे गणित मला विशेष पटले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे लोकांना वर्षानुवर्षे तपासून २००० साली निष्कर्ष मांडला गेला, की वजन दहा टक्के घटले की श्वासाचे थांबे सुमारे २६ टक्के कमी होतात. म्हणजे ८० किलोच्या माणसाने आठ किलो उतरवायचे. पूर्वी मोटेमागे चालणारा शेतकरी आता मोटारसायकलवरून बांधावर जातो, हे मी आपणास वेगळे सांगावयास नको.

एक गमतीचा उपायही तपासून झालेला आहे. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजरीडू नावाचे लांब फुंकवाद्य आहे. आपले सनईवाले गाल फुगवून, सूर न तोडता श्वास घेतात, तशीच त्याची रीत. स्वित्झर्लंडमध्ये २५ रुग्णांवर प्रयोग झाला. काहींना चार महिने हे वाद्य वाजवायला लावले, आणि २००६ साली प्रसिद्ध झाले की वाजविणाऱ्यांची दिवसाची पेंग व शेजाऱ्याचा त्रास दोन्ही कमी झाले. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो, हे त्याचे कारण. म्हणून उद्या सगळ्यांनी सनई घेऊन बसावे असे मी म्हणत नाही. घोरणे परवडले म्हणायची वेळ यायची.

थांबे आढळले तर मात्र घरचे उपाय पुरेसे धरू नयेत, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. ते झोपेची तपासणी सांगतात. पुष्कळ वेळा ती घरीच होते. बोटाला, छातीला आणि नाकाला छोटी साधने लावून एक रात्र झोपायचे. त्यातून तासाला किती थांबे तो आकडा येतो, आणि त्या आकड्यावर पुढचा निर्णय. सौम्य किंवा मध्यम असेल तर दंतवैद्य दातांचा ठसा घेऊन एक पट्टी बनवितात. रात्री ती घातली की खालचा जबडा पुढे राहतो व वाट उघडी राहते. सुरुवातीला लाळ सुटते, जबडा दुखतो. तोंडात पुरेसे मजबूत दात हवेत, कवळीवाल्यांचे काम नाही. तीव्र असेल तर हवेचे यंत्र. नाकावर मुखवटा लावून मंद दाबाने हवा सोडतात, त्या दाबाने घसा मिटत नाही. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हा इलाज जगापुढे मांडला, आणि तीव्र विकारावर आजही पहिला मान त्याचाच. यंत्र चालू असले की घोरणेही बंद.

शस्त्रक्रियेची घाई करू नये एवढेच म्हणतो. टाळूची शस्त्रक्रिया दुखते आणि काहींचे घोरणे काही वर्षांनी परत येते. नाकाचे वाकडे हाड सरळ केल्याने श्वास सुखाचा होतो, पण अडचण घशात असेल तर घोरणे राहते. लहान मुलांची गोष्ट वेगळी. मूल रोज रात्री तोंड उघडे टाकून घोरत असेल तर टॉन्सिल व नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात, आणि तिथे शस्त्रक्रियेचा गुण चांगला येतो. "बापावर गेलंय" म्हणून कौतुक करीत बसू नये.

आणि हो, बायकाही घोरतात. पाळी गेल्यानंतर त्यांच्यात हा विकार वाढतो. पण नवरा गाढ झोपलेला, आणि ती लाजेने बोलत नाही, म्हणून तिची तपासणी होतच नाही. वर मी "वहिनींनो, ऐका" म्हटले, तेच मालकांनाही लागू आहे.

यंत्राचे नाव काढले की घरात पहिली अडचण पैशाची नसते. ते चांगल्या दुभत्या म्हशीपेक्षा कमी पैशात येते, मोठ्या शहरांत भाड्यानेही मिळते. अडचण वेगळीच. एका सभासदाने मला तोंडावर विचारले, "म्हणजे आता बैलासारखं मुसकं बांधून झोपू काय?" त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या मंडळींनी उत्तर दिले, "बांधा. एवढी वर्सं मी जागी राहिले, तुम्ही म्हैनाभर मुसकं बांधून बघा." हा सौदा मला रास्त वाटला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९९९ साली दहा जोडप्यांची झोप मोजली. नवऱ्यांना यंत्र लावल्यावर बायकांच्या वाट्याला रात्री सरासरी ६२ मिनिटे जादा झोप आली. म्हणून डॉक्टरांकडे जाताना दोघांनी मिळून जावे, आणि पट्टी की यंत्र हे दोघांनी मिळून ठरवावे. पहिले काही दिवस मुखवटा नको नको होतो. पुष्कळ जण तिथेच तो पेटीत टाकतात. संध्याकाळी जागेपणी अर्धा तास बातम्या बघताना लावून बसले तर सवय लवकर लागते. माप बसत नसेल तर दुसऱ्या मापाचा मागून घ्यावा. गळणाऱ्या मुखवट्याने डोळ्यांत वारा जातो आणि यंत्राचा गुण येत नाही.

वस्तीवरच्या विजेचा भरवसा नाही, हे खरे. हे यंत्र साध्या घरगुती इन्व्हर्टरवर चालते. मात्र त्याच इन्व्हर्टरवर टीव्ही आणि दोन पंखे जोडू नयेत, नाहीतर पहाटे तीनला बॅटरी उतरते. मुखवटा रोज साबणाच्या पाण्याने धुवावा. ओलाव्याच्या डब्यात बोअरचे क्षाराचे पाणी घालू नये; ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घालावे, आणि त्याचा कॅन वेगळा व झाकण घट्ट लावलेला ठेवावा.