लंडनचे पत्र : साताऱ्याचे वकील

लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर आज लॉइड्स या विमाबाजाराची पोलादी इमारत आहे. तिच्या जागी १८६१ पर्यंत ईस्ट इंडिया हाउस होते आणि हिंदुस्थानचा कारभार तिथून चाले. खासगी कंपनीच्या मालकीची ‘शकुंतला’ आगगाडी पाहिलेल्या मूर्तिजापूरकरांना भागधारकांचा कारभार नवा नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या हाती मात्र आगगाडी नव्हती, आख्खा देश होता. एका मताची किंमत हजार पौंडांचे भाग.

त्यांच्याकडे दाद मागायला १८४० मध्ये रंगो बापूजी गुप्ते आले. ते साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांचे वकील. गोव्याचे पोर्तुगीज आणि नागपूरचे आप्पासाहेब भोसले यांच्याशी संगनमत केल्याचा ठपका ठेवून कंपनीने सप्टेंबर १८३९ मध्ये महाराजांना गादीवरून काढले, काशीला धाडले. उघड सुनावणी झालीच नाही.

इंग्लंडात रंगो बापूजींना कोणी हात लावला नाही. जोसेफ ह्यूमसारखे खासदार, जॉर्ज थॉम्प्सनसारखे गुलामगिरीविरोधी वक्ते त्यांच्या बाजूने उभे राहिले. भागधारकांच्या सभेत वाद झडले, पुस्तिका छापल्या गेल्या, पार्लमेंटातही विषय निघाला. संचालकांचे उत्तर ठरलेले : अर्ज मुंबई सरकारमार्फत पाठवा. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच हातून अर्ज! बोलायची मुभा सगळ्यांना होती, ऐकायची सक्ती कोणावरच नव्हती.

१८४७ मध्ये महाराज काशीला वारले. पुढे साताऱ्याचे राज्यही खालसा झाले. वकिलाजवळचा पैसा संपला, कर्ज चढले. १८५३ अखेर ते परत निघाले. त्याच वर्षी मे महिन्यात निजामाकडून आपला वऱ्हाड प्रांतही कंपनीच्या ताब्यात गेला होता.

सातारला पोचल्यावर या राज्यकर्त्यांचे दुसरे रूप दिसले. १८५७ मध्ये तिथला उठावाचा कट फुटला आणि ८ सप्टेंबरला गेंडामाळावर १७ जणांना मारण्यात आले. कोणी फासावर, कोणी गोळीने, कोणी तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता. बाप निसटला, तो पुन्हा कधीच सरकारच्या हाती लागला नाही.

इथल्या लोकांना आपल्या पार्लमेंटाचा आणि सभास्वातंत्र्याचा अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. पण ते स्वातंत्र्य बोटीवर चढून हिंदुस्थानात कधी आले नाही. बापाला लंडनमध्ये तेरा वर्षे बोलू देणारी आणि मुलाला साताऱ्यात ठार करणारी सत्ता एकच होती. इंग्रजी राज्याच्या न्यायाचे गोडवे गाणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.