आधी मोडले, मग गाजले

1969च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ‘टाइम ऑफ द सीझन’ हे गाणं तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलं. गाणं झॉम्बीज नावाच्या इंग्लिश बँडचं. दौऱ्यांची आमंत्रणं सुरू झाली, तेव्हा उलगडा झाला की हा बँड मोडून सव्वा वर्ष होऊन गेलंय. गायक कॉलिन ब्लनस्टोननं मध्यंतरी एका विमा कंपनीच्या कचेरीत नोकरी धरली होती. कीबोर्ड वाजवणारा रॉड आर्जेंट नव्या बँडच्या मागे लागला होता आणि बासवाला ख्रिस व्हाइट त्याच्या सोबतीला होता. पुन्हा एकत्र या, पैसा आहे, असे निरोप गेले. हे लोक आले नाहीत.

मागणी आहे आणि माल नाही, म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. मिशिगनमधल्या एका कंपनीनं खोटे झॉम्बीज उभे केले, एक नव्हे, दोन संच, आणि ते अमेरिकाभर फिरवले. त्यातल्या एका संचात टेक्सासचे चौघं होते, कीबोर्डवाला नाहीच. ज्या बँडचा अर्धा जीव कीबोर्डमध्ये, त्याचा हा अवतार! त्या चौघांपैकी डस्टी हिल आणि फ्रँक बिअर्ड पुढे झीझी टॉपमध्ये गेले आणि स्वतःच्या नावावर प्रसिद्ध झाले. खऱ्या झॉम्बीजचे चेहरे अमेरिकेत फारसे कुणाला आठवत नव्हते, त्यामुळे खोटे खपून गेले.

हे गाणं ज्या अल्बमच्या अगदी शेवटी येतं तो ‘ओडेसी अँड ऑरॅकल’. एप्रिल 1968मध्ये ब्रिटनमध्ये तो बाजारात आला आणि कुणाला पत्ता न लागता गेला. आज साठच्या दशकातल्या उत्तम रॉक अल्बमांची यादी निघाली की त्यात तो बहुतेक असतोच. मधली कितीतरी वर्षं त्याच्यासाठी मुलाखती देणारं, दौरे काढणारं, जाहिरात करणारं कुणी नव्हतं. होते ते फक्त ऐकणारे. म्हणूनच हा अल्बम मला नेहमी वाजवणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांचा जास्त वाटत आलाय.

झॉम्बीज लंडनच्या उत्तरेकडच्या सेंट ऑल्बन्सचे. शाळकरी वयातली पाच पोरं. आर्जेंट लहानपणी तिथल्या कॅथीड्रलच्या गायकवृंदात गायचा, आणि त्या चर्चमधल्या सुरांची घडी पुढे बँडच्या आवाजात उतरली. 1964मध्ये त्यांचं पहिलंच गाणं, ‘शीज नॉट देअर’, अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. तिथून पुढे मायदेशी उतरणच. गाण्यांमागून गाणी काढली, चालली नाहीत. आपल्या गाण्यांचं मिक्सिंग निर्माता आपल्या मनासारखं करत नाही, ही आर्जेंट आणि व्हाइट या दोघा गीतकारांची तक्रार. 1967मध्ये डेक्का कंपनीशी संबंध संपल्यावर त्यांनी सीबीएसकडे अट घातली की एक अल्बम आम्हीच निर्माते म्हणून करू. कंपनीनं हजार पौंड दिले. त्या काळातही ही रक्कम अल्बमसाठी चिमूटभरच.

पण हजार पौंडांत त्यांना ॲबी रोडचा स्टुडिओ मिळाला, आणि तोही जून 1967मध्ये. म्हणजे बीटल्स ‘सार्जंट पेपर’ उरकून नुकतेच बाहेर पडलेले. तेच इंजिनीअर जेफ एमरिक आणि पीटर व्हिन्स, तीच यंत्रं, चार ट्रॅकच्या मर्यादेतून वाट काढण्याच्या नुकत्याच सापडलेल्या त्याच युक्त्या. लेननचा मेलोट्रॉनसुद्धा तिथंच पडून होता आणि आपण तो बेधडक वापरला, असं आर्जेंट सांगत आलाय. मेलोट्रॉन म्हणजे प्रत्येक पट्टीमागे टेपचा एक तुकडा असलेला कीबोर्ड. पट्टी दाबली की टेप सरकते आणि व्हायोलिनचे किंवा बासरीचे ध्वनिमुद्रित सूर उमटतात. वादकवृंद बोलावण्याची ऐपत नसलेल्या या पोरांना घरबसल्या वादकवृंद मिळाला. या अल्बममध्ये जी धुक्यासारखी तंतुवाद्यं ऐकू येतात, ती बहुतेक या पेटाऱ्यातली.

वेळेची चैन मात्र नव्हती. स्टुडिओचे तास मोजून मिळायचे, म्हणून गाणी आधी पक्की बसवून मगच आत जायचं. मला वाटतं, या अल्बमच्या सौंदर्याचं निम्मं श्रेय या चणचणीला आहे. 1967च्या ब्रिटिश रॉकमध्ये फाफटपसारा काही कमी नव्हता. टेप उलटी वाजव, सतार घाल, पाच मिनिटांचं गाणं नऊ मिनिटं ताण. इथं बारा गाणी मिळून जेमतेम पस्तीस मिनिटं. व्हाइटची सात, आर्जेंटची पाच.

विषय तरी केवढे वेगळे! पहिलं गाणं ‘केअर ऑफ सेल 44’. तुरुंगातून सुटून येणाऱ्या प्रेयसीला लिहिलेलं पत्र, आणि चाल अशी हसरी की दोन-तीनदा ऐकेपर्यंत तुरुंगाचा संदर्भ लक्षातच येत नाही. पाठोपाठ ‘अ रोज फॉर एमिली’. शीर्षक फॉकनरच्या कथेवरून उचललेलं. साथीला पियानो आणि गळे, दुसरं काहीच नाही. ‘बीचवुड पार्क’ हे व्हाइटच्या बालपणीच्या परिसरातल्या एका जुन्या आवारावरचं गाणं. आणि मग ‘बुचर्स टेल’, पहिल्या महायुद्धाच्या खंदकात थरथरणारा एक खाटीक. हे व्हाइटनं स्वतःच गायलंय, कारण त्याचा कापरा, कच्चा आवाजच तिथं हवा होता. साथीला पायानं भाता मारायचा ऑर्गन. आपल्या संगीत नाटकांच्या रंगमंचासमोर जो ऑर्गन वाजायचा त्याच जातीचं हे वाद्य; बालगंधर्वांच्या पदांवर वाढलेल्या कानांना त्याचा सूर ओळखीचा, आणि इथं तोच अंगावर काटा आणतो.

सगळीच बारा गाणी या तोलाची आहेत असं म्हणणाऱ्या कट्टर चाहत्यांशी माझं जमत नाही. ‘चेंजेस’ कोरसच्या कल्पनेवरच खूश होऊन थांबतं. ‘फ्रेंड्स ऑफ माइन’मध्ये बँडच्या मित्रमैत्रिणींच्या जोड्यांची नावं पार्श्वभागी गायली जातात, गंमत छान, गाणं साधारण. तरीही यातलं एखादं गाळून पाहा, पुढच्याचा रंग बदलतो.

हे सगळं घडत असताना बँड आतून संपत आला होता. आर्जेंट आणि व्हाइटला गीतकार म्हणून मानधन मिळायचं. ब्लनस्टोन, गिटारवाला पॉल ॲटकिन्सन आणि ड्रमवाला ह्यू ग्रंडी यांच्या हाती दौऱ्यांचे चार पैसे, तेही आटत चाललेले. ॲटकिन्सनचा संसार सुरू होत होता. ‘टाइम ऑफ द सीझन’ अखेरच्या काळातलं. ब्लनस्टोनला चाल नीट बसेना, आर्जेंट काचेपलीकडून सूचनांवर सूचना देतोय, आणि शेवटी ब्लनस्टोननं वैतागून, इतकं येतंय तर तूच येऊन गा, अशा अर्थाचं सुनावलं. तो किस्सा आता दोघंही हसत सांगतात. त्या गाण्यातला तो गार, बेफिकीर आवाज चिडलेल्या माणसाचा आहे, हे कळल्यावर ते आणखी आवडायला लागतं. नोव्हेंबर 1967मध्ये ‘सेल 44’ सिंगल म्हणून निघालं आणि पडलं. डिसेंबरमध्ये बँड मोडला. मुखपृष्ठ व्हाइटचा खोलीतला सोबती टेरी क्वर्क यानं रंगवलं. शीर्षकात त्यानं स्पेलिंगची चूक केली, ती कुणी वेळेत पाहिली नाही, आणि आर्जेंट कितीतरी वर्षं ती मुद्दाम केल्याचं सांगत राहिला.

अल्बम चालला नाही यात नवल काही नाही. गाऊन दाखवायला बँडच नाही, तर रेडिओवाल्यांनी कशाला वाजवावा? अमेरिकेत तर सीबीएसच्याच कोलंबिया कंपनीनं तो न काढण्याचं ठरवलं होतं. इथं पहिला खरा चाहता येतो. अल कूपर, संगीतकार आणि तेव्हा कोलंबियात निर्माता. लंडनहून परतताना त्यानं रेकॉर्डींचा गठ्ठा आणला होता, आणि त्यातल्या या एकीनं त्याला वेड लावलं. तो कंपनीचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांच्याकडे गेला आणि म्हणाला की याचे हक्क ज्याच्याकडे असतील त्याच्याकडून घ्या. हक्क कोलंबियाकडेच होते. काखेत कळसा. अल्बम निघाला, तोही एका दुय्यम लेबलवर. पहिलं सिंगल म्हणून त्यांनी निवडलं ‘बुचर्स टेल’. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं, युद्धविरोधी गाणं खपेल, हा हिशेब. अर्थातच खपलं नाही. नंतर ‘टाइम ऑफ द सीझन’, आणि सुरुवातीला सांगितलं ते सगळं. ब्रिटनमध्ये हेही गाणं चाललं नाही ते नाहीच.

यानंतरची पंचवीस-तीस वर्षं मागोवा घ्यायला अवघड, कारण त्यात घटना नाहीत. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी रेकॉर्ड आहे. आर्जेंट आपल्या नावाच्या बँडमध्ये ‘होल्ड युअर हेड अप’ गाजवून मोकळा झाला. ब्लनस्टोननं 1971मध्ये ‘वन इयर’ हा अतिशय देखणा एकल अल्बम केला. ॲटकिन्सन रेकॉर्ड कंपन्यांत नवे कलाकार शोधायच्या कामाला लागला. ‘ओडेसी’ची बाजू लावून धरली ती पुढच्या पिढीतल्या वादकांनी. द जॅमचा पॉल वेलर आपल्या लाडक्या अल्बमांत त्याचं नाव घेत राहिला, आणि पंकच्या धुमाळीतून आलेला माणूस असल्या नाजूक संगीताची शिफारस करतो म्हटल्यावर पोरं शोधायला लागली. एलियट स्मिथ मंचावर ‘सेल 44’ गायचा. फू फायटर्सचा डेव्ह ग्रोल त्याच गाण्याबद्दल भरभरून बोलत आलाय. असा अल्बम जाहिरातीतून कळत नाही, कुणीतरी माणूस ऐकवतो. त्यामुळे प्रत्येकाला तो आपल्याला खाजगीत मिळाल्यासारखा वाटतो, आणि अशा वस्तूबद्दल माणूस जरा जास्तच हळवा होतो. किंक्सचा ‘व्हिलेज ग्रीन’ किंवा लव्हचा ‘फॉरेव्हर चेंजेस’ यांच्याही चाहत्यांत हा हळवेपणा दिसतो, पण त्या बँडांची पुढची कारकीर्द थोडीफार तरी होती. इथं अल्बम संपला की सगळंच संपतं.

1997मध्ये ‘झॉम्बी हेवन’ नावाचा चार सीडींचा संच निघाला. आता श्रोत्यांच्या हाती अभ्यासाचं साहित्य आलं. पुढे आर्जेंट आणि ब्लनस्टोन एकत्र गायला लागले, तेव्हा कार्यक्रमानंतर लोक येऊन जुन्या हिट गाण्यांबद्दल नाही, ‘ओडेसी’बद्दलच विचारायचे. 2004मध्ये ॲटकिन्सन गेला. उरलेल्या चौघांनी ठरवलं की चाळीस वर्षं होतायत, अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाजवायचाच.

अडचण अशी की तो त्यांनी सलग कधी वाजवलाच नव्हता. स्टुडिओत एकावर एक थर चढवलेले, आणि लगेच बँड फुटलेला. कुठला गळा कुठं, मेलोट्रॉनचा कुठला सूर कुठल्या ओळीखाली, हे चौघांनाही धड आठवेना. व्हाइट तर कित्येक वर्षं बासपासून दूर होता. मग त्यांनी रेकॉर्ड लावली आणि आपलेच भाग त्यावरून उतरवून घेतले, चाहते करतात तसे. मदतीला लॉस एंजेलिसहून डॅरियन सहानाजा आला. ब्रायन विल्सनचा अर्धवट राहिलेला ‘स्माइल’ 2004मध्ये पुरा करायला ज्यानं हातभार लावला तोच हा, आणि ‘ओडेसी’चा जुना भक्त. एकट्या आर्जेंटच्या दोन हातांना न पेलणारे कीबोर्डचे थर त्यानं उचलले. ॲटकिन्सनची गिटार कीथ एअरीनं. आर्जेंटचा चुलतभाऊ जिम रॉडफर्ड हाही होता. मूळ बँडमध्ये यायचं आमंत्रण त्यानं साठच्या दशकात नाकारलं होतं. मधे तो किंक्समध्ये बरीच वर्षं वाजवून आला. मार्च 2008मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायरमध्ये तीन रात्री हा कार्यक्रम झाला. ध्वनिमुद्रण ऐकलं तर जाणवतं की मंचावर कुणी आठवणी काढायला उभं नाही. साठीतली माणसं नवीन शिकलेली गाणी जिवाच्या कराराने अचूक वाजवतायत, आणि समोरच्यांना ती आधीपासून पाठ आहेत.

त्यानंतर मान्यता ओघानंच आली. मूळ चौघांनी अमेरिकेत अल्बमचे दौरे केले. 2017मध्ये ‘एस-टाउन’ या पॉडकास्टचा प्रत्येक भाग ‘अ रोज फॉर एमिली’नं संपत असे, आणि झॉम्बीजचं नाव न ऐकलेल्या लाखो कानांत ते गाणं गेलं. 29 मार्च 2019ला, चौथ्या खेपेला नामांकन मिळाल्यावर, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. 2024मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यावर आर्जेंटनं दौरे थांबवले.

चाहत्यांचे वाद मात्र थांबलेले नाहीत, आणि त्यातला सगळ्यात जुना मोनो की स्टिरिओ हा. बँडनं अल्बम मोनोत मिक्स करून दिला, मग कंपनीनं स्टिरिओ मागितला. हजार पौंड संपलेले. आर्जेंट आणि व्हाइटनं आपल्या मानधनातले दोनशे पौंड घालून स्टिरिओ करून दिला. त्यात ‘धिस विल बी अवर इयर’ अडलं. त्यातली ब्रासची वाद्यं थेट मोनो मिक्सवर वाजवून घेतलेली, ती सुटी कुठं नव्हतीच; तेव्हा त्या एका गाण्याला मोनोवरून बनावट स्टिरिओ चढवावा लागला. नंतरच्या काही आवृत्त्यांत खरा स्टिरिओ आला, तर त्यात ब्रास नाही. हेच गाणं आता तिकडे लग्नांत हमखास वाजतं. शुद्धतावादी ब्रासविरहित स्टिरिओ ऐकतात, प्रत्येक गळा वेगळा कळतो म्हणून. मी मोनोवाल्यांच्या बाजूचा. दोन मिनिटांच्या त्या गाण्यात ती तुतारी येते तेव्हा जरा कर्कश वाटते, थोडी घाईतही. पण ती काढली की गाणं शहाणं होऊन बसतं, आणि ते मला चालत नाही.