एकच रायफल घ्यायची तर : सर्वोपयोगी वस्तूचा प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलची प्रयोजनाची कल्पना पाहिली. वस्तू कशासाठी आहे हे कळल्याशिवाय ती चांगली की वाईट हे ठरवता येत नाही, असं आपण म्हटलं. त्यावर आपल्या एका श्रोत्यांनी अमेरिकेतून, विस्कॉन्सिन राज्यातून, प्रश्न पाठवला. तिथे नोव्हेंबरच्या शेवटी नऊ दिवस बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम असतो. ऑफिसातले सहकारी त्यांना दर वर्षी बोलावतात आणि यंदा त्यांनी जायचं ठरवलंय. ते विचारतात, "सर, एकच रायफल घ्यायची आहे. परवडणारी आणि सगळ्याला चालेल अशी. कोणती घेऊ, आणि मुळात अशी वस्तू असते का?"

प्रश्नाच्या दुसऱ्या भागामुळे मी तो आज घेतोय. पहिल्या भागाचंही उत्तर देणार आहे, काळजी नको. विद्यापीठातून निवृत्त होण्याआधी मी दोन वर्षं त्याच भागात शिकवायला होतो. माझे शेजारी तिसऱ्या पिढीचे शिकारी. मी स्वतः शिकार केलेली नाही, पण त्यांच्यासोबत नेमबाजीच्या मैदानावर बऱ्याच शनिवारी गेलो, गोळ्या झाडल्या आणि पुष्कळ ऐकून घेतलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळं अमेरिकेतलं आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या जनावरांबाबत वनखात्याची परवानगी वगैरे प्रकार आहेत, पण तो हौसेचा विषय नाही. तेव्हा इथे बसून ऐकणाऱ्यांनी हे विचार म्हणून ऐकावं.

आता ॲरिस्टॉटल. 'पॉलिटिक्स' या ग्रंथात अगदी सुरुवातीला तो डेल्फीच्या सुरीचा उल्लेख करतो. ही बहुधा एकाच वेळी अनेक कामांना चालणारी, काटकसरीतली सुरी असावी. तो म्हणतो, निसर्ग असा कंजूषपणा करत नाही. निसर्ग एका कामाला एक साधन देतो, आणि साधन एकाच कामाचं असेल तेव्हाच ते उत्तम होतं. म्हणजे ॲरिस्टॉटलच्या मते 'सर्वोपयोगी' हा शब्दच दुय्यम दर्जाची कबुली आहे.

पण मी कोकणातला माणूस. आमच्याकडे कमरेच्या आकडीला कोयता अडकवलेला असे. त्याने नारळ सोलायचा, फांदी तोडायची, गवत साफ करायचं, वाटेत साप निघाला तर त्यालाही तोच. प्रत्येक कामाला त्याहून चांगलं हत्यार होतंच, पण ते त्या वेळी हातात नव्हतं. आणि रोज तेच हातात असल्यामुळे त्याचं वजन, धार, झोक हे सगळं मनगटाला पाठ झालेलं. ॲरिस्टॉटल साधनाकडे पाहतोय. साधन आणि वापरणारा यांची जोडी पाहिली की हिशेब बदलतो. हा मुद्दा धरून रायफलीकडे जाऊ.

लोक दुकानापासून सुरुवात करतात. आपण जनावरापासून करू. विस्कॉन्सिनमध्ये शिकार होते ती पांढऱ्या शेपटीच्या हरणाची. मोठं नर हरीण साधारण ऐंशी-नव्वद किलोचं. त्याच्या पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीत, हृदय आणि फुप्फुसं असतात. ही जागा साधारण आठ इंच व्यासाच्या वर्तुळाएवढी. गोळी तिथे लागली, दोन्ही फुप्फुसांतून गेली, तर जनावर काही सेकंदांत कोसळतं. तीच गोळी फूटभर मागे, पोटात लागली तर ते तासन्‌तास मरत राहतं. रात्रभर माग काढूनही कित्येकदा सापडत नाही. शिकारीच्या नीतीबद्दल माझी मतं काहीही असोत, त्या हरणाच्या बाजूने पाहिलं तर सगळा प्रश्न या एका फुटाचा आहे. त्या रायफलीचं प्रयोजन काय? आठ इंचांच्या वर्तुळात गोळी नेणं. बाकी सगळं नंतर.

मग काडतूस. तिथली दोन नावं तुम्हांला सारखी ऐकू येतील. एक 'थर्टी-ऑट-सिक्स', म्हणजे ३०-०६. यातले ३० हे नळीच्या आतल्या व्यासाचे, इंचाचे शंभरावे भाग; आणि ०६ म्हणजे १९०६, ज्या वर्षी अमेरिकन सैन्याने ते स्वीकारलं. दुसरं .३०८ विंचेस्टर, १९५२ सालचं. गंमत म्हणजे दोन्हींतली गोळी एकाच व्यासाची, .३०८ इंच. फरक पितळी टोपणाच्या लांबीत, म्हणजे दारू किती मावते यात. एकाचं टोपण ६३ मिलिमीटर, दुसऱ्याचं ५१. जुन्यात थोडी जास्त ताकद, नव्यात रायफल थोडी आखूड आणि धक्का थोडा कमी. हरणाला या फरकाचा पत्ता लागत नाही.

गोळीचं वजन 'ग्रेन'मध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, आपल्या सोनारांची गुंज असते तसं. .३०८ मध्ये १५० ग्रेनची गोळी, म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास, सेकंदाला सुमारे २८०० फूट वेगाने निघते. हरणाला भरपूर. जड गोळी घेतली आणि अंतर बेताचं ठेवलं तर एल्कसारख्या तीनशे किलोंच्या जनावरालाही चालते. आणि खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातही हे काडतूस मिळतं. 'सर्वोपयोगी' याचा अर्धा अर्थ हाच की वस्तू गावोगाव मिळते. नवीन, चमकदार नावांची काडतुसं दर वर्षी निघतात, त्यांतलं ६.५ क्रीडमोर, २००७ सालचं, खरोखर चांगलं आहे, धक्काही कमी. तेही घ्यायला हरकत नाही. पण ज्या काडतुसासाठी दोन गावं पालथी घालावी लागतील ते घेऊ नका.

मग 'मॅग्नम' का नको? जास्त ताकद म्हणजे जास्त खात्री, असं वाटतं ना? इथे आपली खरी गफलत होते. .३०० मॅग्नमचा खांद्यावरचा धक्का .३०८ च्या जवळपास दीडपट. नवखा माणूस तीन-चार गोळ्यांनंतर धक्क्याची वाट पाहायला लागतो. चाप ओढण्याच्या क्षणी डोळा मिटतो, खांदा आकसतो आणि नळी हलते. झालं, एक फूट तिथेच गेला. माझे शेजारी एक युक्ती करायचे. ते शिकणाऱ्याला पाठ करायला सांगत आणि रायफलीत कधी काडतूस घालत, कधी नुसतंच बोल्ट सरकवत. रिकाम्या रायफलीचा चाप ओढल्यावर नळीने मान टाकली की त्या माणसाचं दचकणं सगळ्यांना दिसे. त्यालाही.

डब्ल्यू. डी. एम. बेल नावाचा शिकारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेत हस्तिदंतासाठी हत्ती मारायचा. धंदा वाईटच, त्याचं समर्थन नाही. पण इतर लोक खांदा मोडेल अशा जाड नळीच्या बंदुका वापरत असताना हा माणूस बहुतेक हत्ती ७ मिलिमीटरच्या माऊझर काडतुसाने मारत असे, जे आज आपण हरणाचं म्हणू. कारण त्याने हत्तीची कवटी उभी करवतून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहून ठेवलं होतं. हेच काडतूस इंग्लंडमध्ये '.२७५ रिग्बी' या नावाने विकलं जाई. कॉर्बेटची पुस्तकं वाचलेल्यांना आठवेल, चंपावतची वाघीण मारल्यावर त्याला भेट मिळाली ती रायफल हीच. ताकदीची कमतरता ज्ञानाने भरून निघते. उलटं होत नाही.

आता प्रत्यक्ष रायफल. बोल्ट ॲक्शनची घ्या. मागचा दांडा हाताने उचलून मागे ओढायचा, रिकामं टोपण बाहेर पडतं, पुढे ढकलला की नवं काडतूस नळीत जातं. मूळ रचना १८९८च्या जर्मन माऊझरची, आणि आजच्या बहुतेक बोल्ट रायफली तिच्याच नातवंडं-पतवंडं. साधी, भक्कम, साफ करायला सोपी. रुगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस, मॉसबर्ग पॅट्रियट ही स्वस्तातली नावं. पाचशे डॉलरच्या आसपास मिळतात. दस्ता बहुधा प्लास्टिकचा, दिसायला अगदीच रंजलेला-गांजलेला, बोल्ट जरा खरखरतो. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता हातात घेतल्यावर मन हरखतं, मला ते मान्य आहे. पण पावसात फुगत नाही तो प्लास्टिकचाच.

नेमकेपणाचं काय? या स्वस्त रायफली चांगल्या काडतुसांनी शंभर यार्डांवर साधारण दीड इंचाच्या आत गोळ्या एकत्र घालतात. दोनशे यार्डांवर ते तीन इंच झाले. आपल्याला वर्तुळ हवं आठ इंचांचं. म्हणजे पाच इंच उरतात, ते माणसाच्या चुकीसाठी. दोन हजार डॉलरची रायफल घेतली तर हे पाच इंच साडेसहा होतील. पण उभं राहून, धापा टाकत, थंडीत गोठलेल्या बोटांनी शंभर यार्डांवरसुद्धा आठ इंचांत गोळी ठेवणं बहुतेकांना जमत नाही. तिथे दहा-बारा इंचांचा गोंधळ असतो. दीड हजार डॉलर मोजून दीड इंच विकत घ्यायचा आणि बारा इंच तसेच ठेवायचे, याला काय म्हणावं?

म्हणून माझा हिशेब असा. हजार डॉलर असतील तर रायफलीला पाचशे. दुर्बिणीला दोन-अडीचशे, तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण पुरते, आणि ती रायफलीवर बसवायच्या कड्यांत मात्र कंजूषी करू नका, कारण कडी सैल झाली की सगळा नेम गेला. उरलेले अडीचशे काडतुसांना. शिकारीचं काडतूस दीड-दोन डॉलरला एक पडतं, त्यामुळे ते फार पुरणार नाहीत. तेव्हा सराव घरी रिकाम्या रायफलीने करायचा, काडतुसं वेगळ्या खोलीत ठेवून, नळी दोनदा तपासून. कुणाकडे पॉइंट बावीसची छोटी रायफल असेल तर मैदानावर ती मागून घ्या. तिची गोळी काही सेंटना मिळते आणि चाप ओढायचं कसब तेच.

आणि मग कागदी ताटलीची परीक्षा. जेवणाची साधी कागदी ताटली साधारण त्या वर्तुळाएवढीच असते. ती पन्नास यार्डांवर लावा. टेबलावर नाही, तर जंगलात जसे बसाल किंवा उभे राहाल तसे होऊन पाच गोळ्या झाडा. पाचही ताटलीत? मग पंच्याहत्तर यार्ड, मग शंभर. ज्या अंतरावर पाचातली एक बाहेर गेली त्याच्या आधीचं अंतर ही तुमची मर्यादा. रायफल तीनशे यार्डांची असेलही. तुम्ही ऐंशीचे असाल तर हरीण नव्वदवर असताना चापावर बोट जाता कामा नये. ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश तत्त्ववेत्त्याने १९४२ साली शिकारीवर एक दीर्घ निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की शिकारी आपल्या ताकदीचा काही भाग मुद्दाम बाजूला ठेवतो, नाहीतर ती शिकार न राहता नुसती कत्तल होते. ताटलीची परीक्षा मला त्याच आत्मसंयमाचं घरगुती रूप वाटते. आल्डो लिओपोल्ड तर विस्कॉन्सिनचाच, स्वतः शिकारी आणि पर्यावरण-नीतीचा पाया घालणारा. त्यानेही उपकरणांनी लगडलेल्या शिकाऱ्याची चांगलीच टर उडवली आहे.

काही व्यावहारिक गोष्टी भराभर सांगतो. विस्कॉन्सिनमध्ये .३०८ चालतं, पण इतर सगळ्या राज्यांत चालेलच असं नाही. ओहायोत हरणासाठी असं निमुळत्या मानेचं काडतूस वापरता येत नाही, सरळ टोपणाचंच लागतं. तेव्हा 'सगळ्याला चालणारी' रायफल राज्याची सीमा ओलांडताच निरुपयोगी ठरू शकते. १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तिथे शिकारीचा शिक्षणवर्ग सक्तीचा आहे. नसता तरी करावाच. या काडतुसाची गोळी दोन मैलांहून दूर जाऊ शकते, तेव्हा हरणाच्या मागे काय आहे हे दिसल्याशिवाय झाडायची नाही. आणि जमलं तर शिशाऐवजी तांब्याच्या गोळ्या घ्या. जनावराचे अवशेष गरुड खातात आणि शिशाचे बारीक कण त्यांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाच्या गोळीवर २०१९पासून पूर्ण बंदी आहे.

आणि आपल्या मराठी मंडळींसाठी सगळ्यांत महत्त्वाचं. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. वैध शिकार-परवाना हातात असणं हा त्याला अपवाद आहे, पण आधी परवाना आणि मग दुकान, हा क्रम चुकला तर तो गुन्हा. मित्राची रायफल मैदानावर हातात घेणंही यात येऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांचं वेगळं. आपल्या श्रोत्यांनी त्यांची स्थिती कळवलेली नाही, तेव्हा त्यांनी वकिलाला विचारूनच पुढे जावं.

एक शेवटचं, दस्त्याच्या लांबीबद्दल. तिथल्या रायफली तिथल्या अंगलटीला बेतलेल्या असतात. आपल्यापैकी पुष्कळांना दस्ता इंचभर लांब होतो, मग डोळा दुर्बिणीपासून दूर राहतो आणि मान ताणावी लागते. दुकानात हिवाळ्याचा जाड कोट घालून जा, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला तर ती तुमची. काळी कड दिसली तर आखूड दस्त्याची मागा. बहुतेक कंपन्या तशी काढतात. चला, आता प्रश्न घेऊ.