घरचं नेटवर्क – भाग ५ : राउटर आपणच घडवू

मागच्या भागात फायबरची तार घरात शिरून ओएनटीच्या पेटीपर्यंत पोहोचली. त्या पेटीला लागून बसतो तो राउटर. घरातला प्रत्येक फोन, टीव्ही, कॅमेरा या एका यंत्राच्या भरवशावर असतो. तरी त्यात कोणतं सॉफ्टवेअर चालतं आणि ते शेवटचं कधी अपडेट झालं, असं विचारलं तर बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही. नेटवाल्याने डबा आणून लावला, दिवे लागले, विषय संपला. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने नेमका याचाच फायदा घेतला. कारखान्यातून ठरून आलेले साठेक युजरनेम-पासवर्ड वापरून तो जगभरच्या कॅमेऱ्यांत आणि राउटरांत शिरला, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांच्या जोरावर कित्येक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या गेल्या. यंत्रं लोकांची, हुकूम भलत्याचा! आपल्या घरात हुकूम आपला हवा. त्यासाठी या आठवड्यात ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरून राउटर स्वतः उभा करू.

एका परवान्याची पुण्याई

दोन नेटवर्क पोर्ट असलेला आणि एकावर आलेलं पॅकेट दुसऱ्यावरून पुढे धाडणारा कोणताही संगणक राउटर होऊ शकतो. शिवाय घरगुती राउटर घरातल्या उपकरणांना डीएचसीपीने पत्ते वाटतो, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता डीएनएसकडून काढून देतो, नॅट वापरून सगळ्या घराला एकाच पत्त्यावर बाहेर नेतो आणि बाहेरून न बोलावता आलेल्याला फायरवॉलवर थोपवतो. ही सगळी कामं लिनक्स उत्तम करतं.

हे घरच्या घरी करता येतं, त्यामागे लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरची गोष्ट आहे. तो २००२च्या अखेरीस बाजारात आला. पुढच्या वर्षी जाणकारांच्या लक्षात आलं की त्याच्या आत लिनक्स चालतं. लिनक्स जीपीएल परवान्याखाली येतं आणि त्या परवान्याची अट स्पष्ट आहे : असं सॉफ्टवेअर यंत्रात घालून विकलंत, तर त्याचा सोर्स कोड ग्राहकाला मिळालाच पाहिजे. लिनक्सवर काम करणाऱ्यांनी हा मुद्दा लावून धरला आणि २००३मध्ये कंपनीने कोड खुला केला. २००४च्या सुरुवातीला त्या पायावर ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आज तो वेगवेगळ्या कंपन्यांच्या शेकडो मॉडेलवर चालतो. कंपनीने अपडेट देणं थांबवलेले कित्येक राउटर त्याच्यामुळे अजून कामाचे आहेत. २०२४च्या नोव्हेंबरात तर प्रकल्पाचा स्वतःचा राउटरही आला, ओपनडब्ल्यूआरटी वन. परवान्यातल्या एका अटीने एवढा पल्ला गाठला, हे मला फार मोलाचं वाटतं.

डबा कोणता घ्यावा

पहिली वाट सोपी : ओपनडब्ल्यूआरटी चालेल असा तयार राउटर घ्यायचा. किमान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम हवी. प्रकल्पाच्या यादीत मॉडेलचं नाव मिळालं म्हणजे झालं, असं समजू नका. डब्याखालच्या लेबलवरची हार्डवेअर व्हर्जनही जुळली पाहिजे. डब्ल्यूआरटी५४जीच्याच पाचव्या व्हर्जनमध्ये २००५ साली मेमरी निम्मी झाली आणि लिनक्सच्या जागी दुसरीच प्रणाली आली. नाव मात्र तेच राहिलं.

दुसरी वाट म्हणजे घरातला जुना डेस्कटॉप आणि त्यात एक जादा लॅन कार्ड. खर्च नगण्य, पण वीजबिलाचा हिशेब आधी मांडा. राउटर दिवसाचे २४ तास चालतो. ४० वॅट खाणारा डेस्कटॉप वर्षाला साधारण ३५० युनिट घेईल, तर १० वॅटचा छोटा पीसी ८८च्या आसपास.

म्हणून माझी पसंती तिसऱ्या वाटेला : इंटेल एन१०० सारख्या कमी विजेच्या प्रोसेसरचा, दोन किंवा चार लॅन पोर्टचा, पंखा नसलेला मिनी पीसी. वाय-फायची चिंता नको. नेटवाल्याचा जुना राउटर नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून वापरायचा. त्यातलं डीएचसीपी बंद करा, त्याला घरच्या नेटवर्कमधला वेगळा पत्ता द्या आणि केबल त्याच्या वॅन पोर्टात न लावता लॅन पोर्टात लावा. शिवाय वीज जाणाऱ्या गावात राउटर आणि ओएनटी दोघांनाही छोटा डीसी यूपीएस हवाच. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहा.

जोडणी

प्रणाली म्हणून ओपीएनसेन्सही चांगली आहे. ती फ्रीबीएसडीवर चालते. आपण मात्र ओपनडब्ल्यूआरटी घेऊ, कारण साध्या डब्यावर आणि मिनी पीसीवर ती सारखीच वागते. ६४-बिट पीसीसाठीची इमेज उतरवून घ्या आणि तिचा चेकसम साइटवरच्या चेकसमशी ताडून पाहा. प्रकारांपैकी स्क्वॉशएफएस निवडा. त्यात मूळ प्रणाली जशीच्या तशी राहते आणि आपले बदल वेगळ्या थरात साठतात, त्यामुळे काही बिघडलं तर पहिल्या स्थितीला परत जाता येतं.

इमेज मिनी पीसीच्या डिस्कवर लिहून तो सुरू केला की लॅपटॉप लॅन पोर्टला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. सुरुवातीला पासवर्ड नसतो; तो ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरं काम, हा पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ करा. अनेक ओएनटींचा पत्ताही १९२.१६८.१.१ असतो, आणि राउटरच्या दोन्ही बाजूंना एकच पत्ता असला तर पॅकेट कुठे धाडावं हे त्याला कळत नाही. नव्या माणसाचा अख्खा दिवस यात जातो.

मग नेटवाल्याला फोन करून तीन गोष्टी मागा : ओएनटी ब्रिज मोडवर टाकणं, पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन असेल तर त्याचा नंबर. कनेक्शन जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याशी बांधलेलं असेल, तर नवा मॅक नोंदवून घ्यायलाही सांगा. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइट स्वतःकडे घेतं, म्हणून एमटीयू १५०० न राहता १४९२ होतो. काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकतात, असं दिसलं तर आधी इथे पाहा.

फायरवॉल आत काय करते

ओपनडब्ल्यूआरटी पोर्टांचे दोन झोन करते, लॅन आणि वॅन. लॅनमधून वॅनकडे जायला मुभा, वॅनमधून लॅनकडे मनाई. मग वेबसाइटचं उत्तर आत येतं कसं?

समजा १९२.१६८.१०.२३ या पत्त्याच्या फोनने बँकेची साइट उघडली. पॅकेट बाहेर पडताना कर्नल एका तक्त्यात नोंद करतो : आतला पत्ता आणि पोर्ट, बाहेरचा पत्ता आणि पोर्ट. उत्तर आलं की ते या नोंदीशी जुळतं आणि थेट त्या फोनकडे जातं. नोंद नसलेलं पॅकेट, मग ते कितीही सभ्य दिसो, आत येत नाही. या तक्त्याला कॉनट्रॅक म्हणतात. राउटरच्या पडद्यावर तो डोळ्यांनी पाहता येतो, आणि एकदा जरूर पाहावा. कोणी हात लावलेला नसताना टीव्ही कुठे कुठे संपर्क साधतो, हे तिथे लख्ख दिसतं.

नॅटलाच सुरक्षा समजण्याची चूक बरेच जण करतात. नॅट फक्त पत्ते बदलतं. आयपीव्ही६मध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो आणि नॅटची गरजच उरत नाही. तिथे राखण फायरवॉलच करते, म्हणून तिचे आयपीव्ही६चे नियम कधीही बंद करू नका. आणखी एक पाहा : तुमच्या वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल, तर नेटवाल्याकडे आणखी एक नॅट आहे. अशा वेळी घरचा कॅमेरा बाहेरून पाहण्यासाठी पोर्ट उघडून उपयोग होत नाही.

रांग

आता ज्या कामात स्वस्त राउटर हमखास कमी पडतात ते काम. कोणीतरी फोटोंचा मोठा गठ्ठा अपलोडला लावतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या खोलीतला व्हिडिओ कॉल तुटायला लागतो. स्पीड टेस्ट मात्र उत्तम येते. आपण नेटवाल्याला बोल लावतो आणि महागडा प्लॅन घेतो. रोग तसाच राहतो.

हिशेब करू. अपलोड २० एमबीपीएस आहे आणि वाटेतल्या यंत्रात १ एमबीचा बफर भरला आहे. १ एमबी म्हणजे ८ मेगाबिट. ते बाहेर पडायला ०.४ सेकंद, म्हणजे ४०० मिलिसेकंद लागतात. कॉलचं चिमुकलं पॅकेट या रांगेच्या शेवटी उभं राहतं. संभाषण सहज वाटण्यासाठी आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. इथे नुसत्या रांगेतच ४०० जातात. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. त्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली कोडेल ही पद्धत मांडली. पॅकेटने रांगेत किती वेळ काढला हे ती मोजते, आणि तो वेळ सतत जास्त राहिला तर एखादं पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला सावकाश व्हायचा इशारा देते. पुढे डेव्ह टॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हा विषय लावून धरला, आणि केक नावाची रांगव्यवस्था २०१८ साली लिनक्स कर्नलमध्ये दाखल झाली. २०२५मध्ये टॅट गेले. त्यांचं काम आज असंख्य घरांतले कॉल सुरळीत ठेवतं आहे.

ओपनडब्ल्यूआरटीत यासाठी एसक्यूएम हे पॅकेज घाला, वॅन इंटरफेस निवडा, केक लावा आणि वेग मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के ठेवा. २० असेल तर १८. दहा टक्के सोडायचे कशाला? रांग नेटवाल्याच्या यंत्रात साचली तर तिच्यावर आपलं काही चालत नाही. आपण किंचित कमी वेगाने पाठवलं, तर ती आपल्याच डब्यात लागते आणि केक तिथे प्रत्येक उपकरणाला त्याचा वाटा देतो. लावण्याआधी आणि नंतर, अपलोड चालू ठेवून पिंग मोजा. फरक आकड्यांत दिसेल. हे काम प्रोसेसरवर पडतं, आणि मिनी पीसीला माझी पसंती आहे तीही याचसाठी.

राखण

यंत्र आपलं झालं की त्याची जबाबदारीही आपली. सेटिंगचा बॅकअप राउटरबाहेर ठेवा. सुरक्षा अपडेट आलं की लावा. व्यवस्थापनाचं पान वॅनच्या बाजूने उघडू नका. पीपीपीओईचे तपशील कागदावर लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही गावाला असताना घरच्यांना जुना राउटर पुन्हा जोडता येईल.

पुढच्या आठवड्यात याच राउटरवर व्हीलॅन आखू : पाहुण्यांचे फोन, घरचे कॅमेरे आणि कामाचा लॅपटॉप तीन वेगळ्या नेटवर्कांत. तोवर एक काम करा. तुमच्या सध्याच्या राउटरचं मॉडेल, हार्डवेअर व्हर्जन आणि शेवटच्या अपडेटची तारीख शोधून वहीत उतरवा. नवा डबा घ्यायचा की जुन्यालाच नवं सॉफ्टवेअर द्यायचं, हे त्या तीन नोंदींवरूनच ठरेल.