केमो चालू असताना आजीने उठावं की पडून राहावं?

मुळशीच्या आतल्या गावांतून केमोसाठी पुण्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. सलाईन संपवून घरी परतलेल्या सत्तरीच्या बाईला मग सगळे एकच सांगतात, "आता नुसतं पडून राहा." बोलणाऱ्यांच्या मनात मायाच असते, पण वृद्ध शरीराला ही माया महागात पडते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 12 निरोगी ज्येष्ठांना 10 दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांचं चरबी वगळूनचं वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, जवळपास एक किलोने घटलं. त्यांना ना कॅन्सर होता, ना केमो. जेवण जात नाही, मळमळ थांबत नाही, अशा रुग्णाचं काय होत असेल? पाय गेले की संडासापर्यंत जायलाही आधार लागतो, आणि रुग्ण फारच अशक्त दिसला की डॉक्टरांना पुढचा डोस कमी करावा किंवा लांबवावा लागतो.

आयुष्यभर भातखाचरांत राबलेल्या बाईला व्यायाम कसला शिकवता, असं कुणी विचारेल. पण कालचे कष्ट आजचे स्नायू टिकवत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: केमोदरम्यानच्या व्यायामावरचं संशोधन बहुतेक तरुण, धडधाकट रुग्णांवरचं आहे. हे बरंचसं खरं आहे. म्हणून व्यायामाने कॅन्सर बरा होतो, असं आजीला सांगू नये. मात्र डेन्मार्कमध्ये पासष्टीपुढच्या, कॅन्सर बळावलेल्या 84 रुग्णांच्या अभ्यासात ज्यांनी उपचार चालू असताना देखरेखीखाली व्यायाम केला, खुर्चीतून उठण्या-बसण्याची त्यांची ताकद सुधारली. थकव्यावर तर आज हलक्या व्यायामाइतका भक्कम पुरावा असलेले उपाय थोडेच आहेत. अमेरिकेतील कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये बरं करण्याच्या हेतूने चाललेल्या उपचारांत व्यायामाची शिफारस केली, तीही उपचारांचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून.

यासाठी जिम लागत नाही. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीतून पाच वेळा उठणं-बसणं, बसल्या बसल्या पाय सरळ करणं, ओसरीवर दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या. बोलताना धाप लागली की थांबायचं. मुळशीच्या पावसात निसरड्या अंगणात मात्र मुळीच नको. केमोने तळपाय बधिर झाले असतील तर सोबत माणूस हवाच. ताप 100.4 अंशांवर गेला तर व्यायाम बंद आणि लगेच दवाखाना. छातीत दुखणं, चक्कर, कुठूनही रक्त येणं, हाडांत पसरलेला आजार किंवा रक्तातल्या फार घटलेल्या पेशी असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नये. पुढच्या केमोला जाल तेव्हा रक्ताच्या रिपोर्टसोबत हाही प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवा: हिने रोज किती चालावं?