सातव्या दिवसाची गृहभेट

भामरागड तालुक्यातल्या एका माडिया टोल्यावर सकाळ होते आहे. हिवाळ्याचं धुकं अजून धानाच्या पुंजण्यांवरून हटलेलं नाही. खांद्याला पिशवी लावून आशाताई पुढे चालल्या आहेत, मी त्यांच्या मागे. अंगणात शिरताच त्या ‘जोहार’ म्हणतात आणि आधी साबण मागून घेतात. कोपरापर्यंत हात धुतात, हवेतच वाळू देतात. पदराला पुसत नाहीत.

बाळ सात दिवसांचं आहे, मुलगी. पिशवीतून झोळीचा काटा निघतो. काटा 2 किलो 100 ग्रॅमवर स्थिरावतो. अडीच किलोच्या आतलं बाळ जपावं लागतं. थर्मामीटर काखेत 35.8 अंश दाखवतो. आशाताई आईचा हात धरतात आणि बाळाच्या तळपायावर ठेवतात. गारवा आईला स्वतःला कळतो. मग घड्याळावर पूर्ण एक मिनिट श्वास मोजणं: 48. साठाच्या पुढे गेले असते, तर आत्ताच निघावं लागलं असतं.

बाळ उघडं करून आईच्या छातीशी धरलं जातं. डोक्याला टोपडं, वरून लुगडं, त्यावर घोंगडी. आजीला हे पटत नाही, बाळाची आंघोळ राहिली आहे. आशाताई वाद घालत नाहीत. आजीशेजारी बसून माडियात काहीतरी विचारतात आणि आजी बोलू लागते, बराच वेळ. मधूनमधून आशाताई मला मराठीत सांगतात: आजीची दोन लेकरं गेली. एक पावसाळ्यात, दवाखान्याच्या वाटेवर, पर्लकोटेला पूर असताना. बोलून झाल्यावर आजी स्वतःच आंघोळीचं पाणी चुलीवरून उतरवते.

संध्याकाळपर्यंत बाळ नीट प्यायलं नाही, तर दवाखाना. बाप विचारतो: सोबत कोण येणार? आम्ही जेवायचं कुठे? तिथे आमचं बोलणं कुणाला कळेल? तिन्ही प्रश्न खरे आहेत, आणि माणसं दवाखान्यापासून लांब राहतात ती अशाच प्रश्नांपायी. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आदिवासींना विचारून दवाखाना उभा केला. तो गावासारखा, झोपड्यांचा, नातेवाइकांना राहता येईल असा आहे आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव आहे. गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं सांभाळायचा त्यांचा प्रयोग 39 गावांत झाला. तिथला नवजात मृत्यूदर हजारी 62 वरून 25.5 वर आला. 1999 साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे 2011 पासून देशभरातल्या आशा स्वयंसेविकांना हेच काम मिळालं.

तासाभराने पुन्हा थर्मामीटर. 36.6. बाळ स्तन शोधतं, पकडतं, ओढू लागतं. आई प्रथमच हसते. आशाताई तरी उठत नाहीत. बाळ किती वेळ पितं, मधेच थकतं का, हे पाहत बसतात. मग बापाला एकेक खूण म्हणायला लावतात: पिणं सोडलं, अंग गार पडलं, श्वास वाढला, छाती आत ओढली गेली, तर थांबायचं नाही. वाहन बोलावायचं, आणि त्या स्वतः सोबत येतील. तिथे बोलायला त्या असतील.

तिसऱ्या दिवशी त्या येऊन गेल्या होत्या. आता चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येणार. या साऱ्या फेऱ्या पुऱ्या झाल्या, की एका बाळामागे 250 रुपये मिळतात. माडिया ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक आहे, तिच्यासाठी योजना निघतच राहतील. त्यांचा पहिला पैसा या बाईच्या कष्टाला मिळावा आणि दुसरा दवाखान्यात माडिया बोलणारं माणूस बसवायला. इमारती त्यानंतर बांधाव्यात.