दारचा शेवगा आणि अंगातले रक्त

चक्कर येणे, जिना चढताना धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, या तक्रारी आपल्या वस्तीतल्या आयाबहिणी 'कामाचा थकवा' म्हणून अंगावर काढतात. आम्ही रक्त तपासतो, तेव्हा अनेकींचे हिमोग्लोबिन कमी निघते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची 69 टक्के बालके रक्तक्षयाची आढळली.

लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच आहेत. पण गोळी एकटी किती करणार? ताटात काय आहे, हेही पाहिले पाहिजे.

तण नव्हे, अन्न

तांदुळजा, घोळ, टाकळा (विदर्भातला तरोटा), शेवग्याचा पाला या भाज्यांवर आपल्या आज्यांनी संसार काढले. आज मात्र 'गरिबाची भाजी' म्हणून त्यांची लाज वाटते. चार पैसे आले की घरातून आधी तांदुळजा जातो आणि बिस्किटाचा पुडा येतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार शेवग्याच्या 100 ग्रॅम पाल्यात सुमारे 300 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साडेचार मिलिग्रॅम लोह असते. पालकात कॅल्शियम 80 च्या आसपास आणि लोह तीनच्या आसपास. हिरवा माठही शेवग्याच्या बरोबरीला बसतो. मग लाज कशाची?

संशोधकांनी काय केले?

रानात आणि परसात वाढणाऱ्या या झाडांवर कृषी संशोधकांनी बरेच काम केले आहे. तमिळनाडूतील पेरियाकुलमच्या उद्यानविद्या महाविद्यालयाने शेवग्याचा 'पीकेएम-1' हा वाण तयार केला. तो बियांपासून लावता येतो आणि साधारण सहा ते आठ महिन्यांत शेंगा देऊ लागतो. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा 'अर्का सुगुणा' हा माठ एकदा पेरला की पुन्हा पुन्हा कापता येतो.

तिसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. गणेशखिंडच्या फळसंशोधन केंद्रात 1927 साली डॉ. चीमा यांनी पेरूच्या रोपांतून एक झाड निवडले. तोच आजचा 'सरदार' किंवा 'एल-49' पेरू. झाड बुटके, पसरट, फळ गोड आणि बिया मऊ.

भाजीसोबत पेरू कशाला?

पालेभाजीतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. सोबत 'क' जीवनसत्त्व असेल तर ते अधिक शोषले जाते. पेरूच्या 100 ग्रॅममध्ये हे जीवनसत्त्व 200 मिलिग्रॅमहून अधिक असते. म्हणून जेवणासोबत पेरूची फोड किंवा आवळा खावा. तेही नसेल तर भाजी चुलीवरून उतरल्यावर तिच्यावर लिंबू पिळावे, कारण शिजवल्याने हे जीवनसत्त्व कमी होते. चहा मात्र जेवणानंतर लगेच नको. किमान तासभर थांबा. चहा लोह अडवतो.

जागा नसेल तर?

माठाला तेलाचा रिकामा डबाही पुरतो. बुडाला भोके पाडा, माती आणि शेणखत भरा, बी बारीक वाळूत मिसळून विरळ पेरा. 25 ते 30 दिवसांत पहिली कापणी होते. मुळासकट उपटू नका. चार बोटे बुडखा ठेवून कापा, तो पुन्हा फुटतो.

शेवग्याची मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची फांदी पावसाच्या तोंडावर लावली तरी जगते. झाड कमरेएवढे झाले की शेंडा खुडा. उंच वाढू दिले तर पाला हाताला येत नाही, आणि ठिसूळ फांद्या वाऱ्यात पत्र्यावर पडतात. विजेच्या तारेखाली लावू नका. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्या जमतात, त्या अंगाला लागल्या की खाज सुटते. त्यापायी झाड तोडू नका; लांब काठीला चिंधी बांधून अळ्या खाली काढा व नष्ट करा.

पेरूला जागा लागते. विहाराचे आवार, शाळेची कडा, समाजमंदिरामागचा तुकडा पाहा. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. सरकारी किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून कलमच आणा. दोन-तीन वर्षांत फळ मिळते. पावसाळी फळांत अळ्या पडतात, म्हणून फळे लहान असतानाच कापडी किंवा कागदी पिशवी बांधा. आणि पाणी कोणी घालायचे, हे झाड लावण्याआधी ठरवा. वाटून न दिलेले झाड उन्हाळ्यात वाळते.

हे लक्षात ठेवा

- गटाराकाठची, कारखान्याच्या सांडपाण्यावरची किंवा फवारणी झालेल्या शेतातली भाजी खुडू नका. पालेभाज्या मातीतले विषारी धातू शोषून घेतात.
- घरातल्या जाणत्या बाईला ओळखू येते तीच रानभाजी घ्या. शंका आली तर सोडून द्या.
- मूतखड्याचा त्रास असेल तर घोळ व माठ बेताने खा. उकळून पाणी फेकून द्या.
- मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
- शेवग्याचे मूळ आणि साल खाऊ नका. गरोदर बाईने तर मुळीच नाही.
- लोहाच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

शेवग्याचा मूठभर पाला वरणात, पिठल्यात किंवा थालीपिठात घाला. मुले कुरकुर न करता खातात. आठवड्यातून तीन-चार दिवस तरी पालेभाजी शिजू द्या. आणि ती शिजवणाऱ्या बाईच्या ताटातही पडू द्या. सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाण्याची तिची सवय आधी मोडायला हवी.